आठवण दुरुस्त करणेबाबत

दादाराव ओव्हाळांना तारीख विचारू नये. विचारलीच तर ते भाग सांगतात.

“दादाराव, संस्थेनं ही दूध थंड करायची टाकी कधी बसवली हो?”

“आठव्या भागानंतर दोन वर्सांनी. दिवाळीच्या अल्याड.”

भाग म्हणजे ‘सुकाळवाडी’चा भाग. ‘सुकाळवाडी’ ही टीव्हीवरची एक मालिका. तीसेक वर्षांपूर्वी तेरा रविवार ती सकाळी लागली आणि संपली. उरलेला महाराष्ट्र चौदाव्या रविवारी तिला विसरला. आमचं पिंपळदरा अजून विसरलेलं नाही, आणि पिंपळदऱ्यात दादारावांइतकं न विसरलेलं दुसरं कोणी नाही.

मी इतिहासाचा मास्तर. उभी नोकरी पोरांकडून सनावळ्या घोकून घेण्यात गेली, त्यामुळे या कालगणनेचा मला पहिल्यापासून राग. माझी या गावात बदली झाली ती तारीख माझ्या सेवापुस्तकात शाईनं लिहिलेली आहे. दादाराव मात्र ती ‘दुसऱ्या भागाचा आदला दिवस’ अशी सांगतात. त्यांच्या थोरल्या मुलीचा जन्म पहिल्या भागाच्या चार वर्षं आधीचा. चेअरमन अण्णांच्या मुलाचं लग्न तेराव्या भागानंतर एकोणीस वर्षांनी. एकदा मी वैतागून म्हणालो, “अहो दादाराव, इसवी सन नावाची काही गोष्ट असते!”

“आसंल की सर,” ते शांतपणे म्हणाले. “पन तिचं आमच्या गावात काय चालतंय?”

दादाराव आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव. पिंपळदरा कडा गावाहून बरंच आत, डोंगराच्या बगलेत आहे. पाऊस आमच्या डोंगरापर्यंत येतो, थोडा विचार करतो आणि परत जातो. शेतीचा भरवसा नाही म्हणून सगळा भरवसा गाईंवर. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटल्या घेऊन संस्थेपुढे रांगेत उभं असतं आणि रांगेच्या तोंडाशी दादाराव असतात. उंच, वाळकुडे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. निळं पेन रोजच्या कामाचं, लाल पेन ठरावांचं. रांगेत ढकलाढकली झाली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, “सावकाश! मी हाय तवर समदं हाय.” हे वाक्यसुद्धा मालिकेतलंच आहे, त्याकडे येतो.

त्यांची दुसरी खोड पाण्याची. संस्थेत कोणीही येवो, दादाराव स्वतः उठून पाणी देतात आणि ते हातातच देतात. तुम्ही लिहीत असा, फोनवर बोलत असा, ते ग्लास धरून समोर उभे. “ठेवा तिथं,” म्हटलं की मान हलवतात. “हातात घ्या.” एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले होते. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मोबाइल. बोलत बोलत ते अंगणभर फिरले आणि दादाराव ग्लास धरून त्यांच्या मागे फिरले. निंबाभोवती तीन फेऱ्या झाल्यावर साहेबांनी फाइल काखेत मारली आणि पाणी घेतलं. मला स्वतःला या खोडीचा फार जाच व्हायचा. माणसाला तहान नसू शकते, हे त्यांना पटतच नाही.

आणि तिसरी खोड ठरावांची. सहकारात मुरलेल्या माणसाला जगातली कुठलीही अडचण ठरावानं सुटेल असं वाटतं. रविवारी सकाळी वीज घालवू नये, असा ठराव त्यांनी वीज कंपनीला पाठवलेला आहे. ‘सुकाळवाडी’ पुन्हा दाखवावी याचे तर अकरा ठराव झाले. निंबाची पानं दुधात पडतात म्हणून निंबाला समज देण्याचा ठराव अण्णांनी ऐनवेळी अडवला, नाहीतर तोही झाला असता. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, एवढं लाल शाईनं लिहिल्याशिवाय दादारावांच्या लेखी कुठलीच गोष्ट घडलेली नसते.

तर ‘सुकाळवाडी’. मालिका दुष्काळावर होती. नववा भाग करायला त्यांना खराखुरा दुष्काळ पाहिजे होता आणि त्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे एक नंबर होता. मंडळी गाड्या घेऊन आली, एक दिवस राहिली, निघून गेली. मी तेव्हा गावात नव्हतो, त्यामुळे हे सगळं ऐकीव. या एका भागापुरतं टँकर ड्रायव्हरचं काम करायला दिनकर मणेरीकर नावाचे नट मुंबईहून आले होते.

प्रसंग असा आहे. टँकर रिकामा झालाय, रांग पांगलीय. शेवटी एक म्हातारी रिकामी घागर घेऊन येते. ड्रायव्हर तिच्याकडे बघतो, मग टँकरच्या आरशाला अडकवलेली स्वतःची पाण्याची कापडी छागल काढतो आणि तिच्या हातात देतो. म्हातारी ती तोंडाला लावून घटाघटा पिते. ड्रायव्हर म्हणतो, “सावकाश आजी, मी हाय तवर पाणी हाय.” म्हातारी छागल परत देते, त्याला काहीतरी सांगते. काय सांगते ते ऐकू येत नाही, कारण तिथे बासरी सुरू होते. संपला प्रसंग.

पुढे नववा भाग टीव्हीवर लागला तेव्हा गावातल्या एकुलत्या एक टीव्हीपुढे, म्हणजे संस्थेच्या टीव्हीपुढे, मीही बसलो होतो. मला ती बासरी जरा जास्त वाटली. पण आजूबाजूला माणसं रडत होती. छागल हातात दिली, ही गोष्ट आमच्या बौद्धवाड्यातल्या जुन्या माणसांना का एवढी लागली, हे कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही. अण्णांच्या विहिरीवर त्यांना पूर्वी पाणी कसं मिळायचं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. ओंजळ खाली, ओतणारा वर.

ती म्हातारी म्हणजे दादारावांची आई, गयाबाई.

दादाराव त्या दिवशी गावात नव्हते. सभासदांच्या गाई घेऊन ते चारा छावणीत गेले होते. संध्याकाळी घरी आले तर गयाबाई ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, “आज म्या त्या टँकरवाल्या बाबाला शिकवून आले.” काय शिकवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि नववा भाग लागायच्या आधीच, त्याच वर्षी, त्या गेल्या. घरात त्यांचा एकही फोटो नाही. हलती-बोलती आई दादारावांना बघायला मिळते ती त्या एका प्रसंगात, आणि त्यात नेमकी ती बोलते तिथे बासरी वाजते.

ती काय बोलली, एवढंच या माणसाला तीस वर्षं जाणून घ्यायचं होतं. आधी कॅसेट होती, मग सीडी आली, आता मोबाइल. नववा भाग लावायचा, बासरीपाशी थांबवायचा, ओठांकडे बघायचं, परत लावायचा. एकदा तर बीडला मूकबधिर शाळेच्या बाईंना दाखवून आले. ओठांवरून त्यांना कळेल म्हणून. बाई म्हणाल्या, पदर आडवा येतो. गावातलं कोणी सांगू शकत नव्हतं, कारण मंडळींनी गावाला दोरी लावून लांब उभं केलं होतं. दोरीमागे सगळ्यात पुढे कांताबाई होत्या. त्या आमच्या गावातल्या सर्वात मोठ्या आवाजाच्या सभासद. त्यांना एवढंच दिसलं की तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घेत होते. “क्यामेरा खराब झालता त्यांचा,” असं त्या तीस वर्षं ठामपणे सांगत आल्या.

आणि मी? मला दादारावांनी तो प्रसंग इतक्या वेळा दाखवला की त्यांनी मोबाइल काढला की माझा गुडघा दुखायला लागायचा. “आलोच,” म्हणून मी उठायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस कांताबाई मोबाइल हातात घेऊन संस्थेत आल्या त्याच मुळी ओरडत. मणेरीकरांची कोणीतरी लांबलचक मुलाखत घेतली होती. आता त्यांचं वय झालेलं, केस पांढरे, आवाज मात्र तसाच खणखणीत. मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, “सर, ‘सुकाळवाडी’तला तुमचा टँकर ड्रायव्हर अजून लोकांच्या लक्षात आहे.”

“हो का?” मणेरीकर म्हणाले. “केलं असेल. एका दिवसाचं काम होतं ते. ऊन फार होतं, एवढं आठवतंय. एक म्हातारी सारखी शॉट बिघडवत होती. आणि जेवणात पिठलं इतकं तिखट, की बस्स! बाकी... ठीक होतं. पुढचं विचारा.”

दूध घालायला आलेली रांग मोडली. सगळे त्या एका मोबाइलभोवती.

“ठीक होतं?” अण्णा म्हणाले. अंबादास अण्णा संस्थेचे चेअरमन, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, आणि एरवी कशानंच न हलणारे. “आमी तीस वर्सं याचं नाव घेतो, आन हे म्हनतंय ठीक होतं?”

“पिठलं मी केलतं!” कांताबाईंचा आवाज चिरकला. “तीन ताटं हाणली त्यानं! तिखट लागलं तर तीन ताटं खातं का कोणी?”

त्या मुलाखतीखाली पिंपळदऱ्यानं पुढच्या तासाभरात इतकं लिहिलं की मुलाखत घेणारी मुलगी घाबरली असेल. ज्यांना टंकता येत नव्हतं ते मोबाइलमध्ये बोलून लिहीत होते, त्यामुळे त्यात गाईंचं हंबरणंही थोडंफार उतरलं असावं. कोणीतरी म्हणालं, पुतळा जाळू. लगेच दोघे उठले, पण पुतळ्यात भरायचं काय? “कडबा?” अण्णा कडाडले. “जनावरांच्या तोंडाला न्हाई आन पुतळ्याला घालता?” पुतळा तिथेच बारगळला.

या सगळ्या गोंधळात दादाराव गप्प होते. कोपऱ्यात बसून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होते. मला वाटलं, माणूस खचला. तीस वर्षं ज्याच्या नावानं दिवस मोजले तो म्हणतो ठीक होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, “सोडा हो दादाराव. नट मंडळी ती.”

त्यांनी वर पाहिलं. डोळे चमकत होते. “सर, तो म्हातारी म्हनला. आयकलं का? ऊन ध्यानात हाय, पिठलं ध्यानात हाय, आन म्हातारी ध्यानात हाय. मंजी हाय त्याच्या डोक्यात. फकस्त चुकीचं बसलंय.” मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. “अण्णा, निषेध नको. दुरुस्ती करू.”

अशा रीतीनं सहकाराच्या इतिहासात, निदान मला ठाऊक असलेल्या, पहिल्यांदाच एका दूध संस्थेनं एका नटाची आठवण दुरुस्त करण्याचा ठराव केला. मसुदा माझ्या गळ्यात पडला. मी चेष्टेनं लिहायला घेतला, पण दादाराव शेजारी बसून प्रत्येक शब्द तपासत होते, त्यामुळे चेष्टेला वाव राहिला नाही. ‘श्री. दिनकर मणेरीकर यांची नवव्या भागासंबंधीची आठवण सदोष असल्याचे सभेच्या निदर्शनास आले असून, त्यांनी ती आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेत समक्ष उपस्थित राहून दुरुस्त करून द्यावी.’ सूचक अण्णा. अनुमोदक कांताबाई, ‘पिठल्याबाबतची हरकत नोंदवून’. सर्वानुमते मंजूर. संस्थेचा गोल शिक्का. रजिस्टर पोस्टानं रवाना.

मी मनातून खजील झालो होतो. मुंबईत बसून तो माणूस हे वाचेल आणि मित्रांना दाखवून हसेल, अशी माझी खात्री होती. दादारावांना तसं काही वाटत नव्हतं. सहा नंबरचा विषय म्हणून त्यांनी तो सभेच्या सूचनेत छापूनसुद्धा टाकला.

पंधरा दिवसांनी संस्थेचा फोन वाजला. मणेरीकर स्वतः. “टीकेची पत्रं मला आयुष्यभर आली हो,” ते हसत होते, “पण आठवण दुरुस्त करायची नोटीस पहिलीच. नगरला एक कार्यक्रम आहे माझा. तिथून किती लांब पडतं तुमचं गाव?”

सभेच्या दिवशी संस्थेपुढच्या निंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. भाद्रपद सरत आला होता आणि टँकर अजून बंद झाले नव्हते, पण माणसं लग्नाला यावीत तशी आली होती. मणेरीकर गाडीतून उतरले. काठी टेकत चालत होते. उतरल्या उतरल्या कांताबाईंनी ताट पुढे केलं. पिठलं, भाकरी, ठेचा. सभा राहिली बाजूला, नट आधी जेवला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तरी भाकरी दोन खाल्ल्या. “बगा,” कांताबाई गर्दीकडे वळून म्हणाल्या, “तिखट म्हनं!”

विषय क्रमांक एक ते पाच अण्णांनी एका दमात उरकले. सहावा आला तसं सगळं गाव पुढे सरकलं. दादारावांच्या मांडीवर इतिवृत्ताची वही उघडी, लाल पेन तयार. मणेरीकर माइक हातात घेऊन उभे राहिले. माणूस प्रामाणिक होता, हे मला त्यांचं आवडलं. खोटं गोड बोलले असते तर गाव खूश झालं असतं.

“तुमचा ठराव मी दहादा वाचला,” ते म्हणाले. “पण खरं सांगू? मला नाही आठवत. चाळीस वर्षं काम केलं, रोज नवं गाव, नवे कपडे. तुमच्या या प्रेमाला सामोरा कसा जाऊ? मला ऊन आठवतं आणि एक हट्टी म्हातारी.”

अण्णांनी टीव्ही लावायला सांगितला. मणेरीकरांनी नववा भाग पाहिला, आपलाच तरुण चेहरा पाहिला. “बरं केलंय की मी,” एवढंच म्हणाले. बासरी वाजून थांबली. गावाचा चेहरा उतरला. मी दादारावांकडे पाहू शकलो नाही.

मणेरीकरांना खोकला आला. वय, प्रवास, वरून कांताबाईंचा ठेचा. दादारावांनी वही बाजूला ठेवली, उठले, पाणी घेऊन आले. मणेरीकरांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात माइक. त्यांनी मानेनं टेबलाकडे खूण केली. ठेवा तिथं.

दादाराव ग्लास धरून उभे.

मणेरीकरांनी पुन्हा खूण केली. पाहुणा, म्हातारा, खोकतोय, आणि यांची खोड सुटेना. मी उठणार होतो तेवढ्यात दादाराव म्हणाले, “हातात घ्या.”

मणेरीकर थांबले. खोकलाही थांबला. त्यांनी दादारावांच्या तोंडाकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, पुन्हा तोंडाकडे. काठी त्यांनी अण्णांकडे दिली आणि ग्लास हातात घेतला. पाणी प्याले नाहीत. तसाच धरून उभे राहिले.

“हेच,” ते म्हणाले. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे शब्द सगळ्या माळावर गेले. “हेच म्हणत होती ती. हातात दे म्हणत होती.”

मागची माणसं पुढे सरकली.

“कागदावर वेगळं लिहिलं होतं हो. म्हातारी ओंजळ करते, ड्रायव्हर वरून पाणी ओततो. असं होतं. पहिल्या वेळी तिनं ओंजळ केलीच नाही. दुसऱ्या वेळी नाही, तिसऱ्या वेळी नाही. दिग्दर्शक ओरडला, मीही ओरडलो. ऊन असं, की डोकं फुटेल. पाचव्या वेळी ती अगदी जवळ आली आणि म्हणाली...” मणेरीकरांनी डोळे मिटले. पुढचे शब्द त्यांनी त्यांच्या मुंबईच्या भाषेत सांगितले नाहीत. शब्दच आमच्याकडचे निघाले. “‘बाबा, वरून ओतलेलं पाणी म्या लई प्याले. आता न्हाई प्यायची. द्यायची आसंल तर हातात दे, न्हाईतर तुजी छागल तुला ऱ्हाऊ दे.’”

दादारावांचे दोन्ही हात आता रिकामे होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

“मी घाबरलो,” मणेरीकर म्हणाले. “दिली हातात. ती प्याली. कॅमेरा चालूच होता. मग छागल परत देताना म्हणाली, ‘हां. आता आसंच देत जा समद्यांला.’” ते खुर्चीवर बसले. “तुम्ही तीस वर्षं म्हणताय, छागल हातात दिली, काय सुचलं याला! मला काही सुचलं नव्हतं. तिनं शिकवलं. आणि मी बाहेर सांगत फिरलो की तिनं शॉट बिघडवला.”

पहिला आवाज कांताबाईंचा. “मंजी क्यामेरा खराब झाला नव्हता!”

आणि मग जे झालं ते मी आमच्या गावात कधी पाहिलं नव्हतं, माझ्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात तर नाहीच. बायकांनी किटल्यांची झाकणं वाजवायला सुरुवात केली. बौद्धवाड्यातली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मागून कोणीतरी ‘गयाबाईंचा’ म्हणून ओरडलं आणि सगळा माळ ‘विजय असो’ म्हणाला. गाई दचकल्या. मणेरीकर रडत होते आणि हसत होते, आणि आता मात्र पाणी पीत होते.

अण्णा उभे राहिले तेव्हा आवाज हळूहळू बसला. त्यांच्या हातात अजून मणेरीकरांची काठी होती.

“विहीर आमचीच व्हती,” ते म्हणाले. “आमचा बाप वरून ओतायचा. म्या बी ओतलंय, ल्हानपनी.” मग दादारावांकडे वळले. “आठवन दुरुस्त झाली. लिहून घ्या दादाराव.”

दादारावांनी वही मांडीवर घेतली. विषय क्रमांक सहा लिहिला. पेन थांबलं.

“सूचक कोन लिहू?”

“गयाबाई लिहा.”

दादाराव गडबडले. डोळे पुसले. आणि तशाही अवस्थेत सहकार त्यांना सुटला नाही. “अण्णा, आई सभासद नव्हती. उपविधीत बसत न्हाई.”

“बसवा,” अण्णा म्हणाले. “आन लेखापरीक्षक काय म्हनला तर माझ्याकडं पाठवा त्याला.”

मग लाल शाईत उतरलं: ‘सूचक: कालकथित गयाबाई सखाराम ओव्हाळ. अनुमोदक: श्री. दिनकर मणेरीकर. सर्वानुमते मंजूर.’ मणेरीकरांनी सही केली, तारीख घालायला पेन थांबवलं आणि विचारलं, “आज काय आहे हो?” सगळ्या गावानं दादारावांकडे पाहिलं. दादाराव म्हणाले, “नववा भाग.” मणेरीकरांनी तसंच लिहिलं. इतिहासाचा मास्तर म्हणून मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही.

गाडी गेली, गाव पांगलं, संध्याकाळच्या दुधाला अजून अवकाश होता. मी माझी छत्री विसरलो म्हणून परत आलो तर दादाराव संस्थेत एकटेच टीव्हीपुढे बसलेले. नववा भाग लावलेला, आवाज पूर्ण बंद. बासरी नाही, काही नाही. गयाबाई छागल परत देत होत्या, पदराआड ओठ हलत होते, आणि दादाराव त्या ओठांबरोबर हळू आवाजात म्हणत होते, “हां. आता आसंच देत जा समद्यांला.”

शब्द बरोबर बसले. पदर खाली आला, चित्र संपलं.

मी दारात उभा आहे हे त्यांना कळलं. वळले नाहीत.

“सर, तवा ती म्हनली की म्या त्या बाबाला शिकवून आले. आन म्या हासलो व्हतो. लई हासलो. ‘तू? नटाला?’ आसं म्हनलो. म्हनून तिनं पुढचं सांगितलंच न्हाई मला.”

त्यांनी उठून सवयीनं माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हातांनी घेतला.

“परत लावा,” मी म्हणालो, आणि त्यांच्याशेजारी दुधाच्या कॅनवर बसलो.